माझ्या हातातला फोन

५ फेब्रुवारी २००५, नांदुरा
आज शेवटी भांडलेच. मस्कतला जाणार तर मोबाइल घेऊनच जाणार! हे म्हणतात, "स्नेहाच्या घरी फोन आहे ना. तुले वेगळा कशाले?" अहो, लेकीच्या घरचा फोन लेक उचलेल, नाहीतर जावई उचलतील. मग मला काय सांगायचं अन् काय नाही, ते दोघं ठरवतील. मला माझ्या हातात पाहिजे.

स्नेहलताचं पहिलं बाळंतपण. न जाऊन कसं चालेल? आणि इकडे देऊळगाव राजाला धाकट्या भावाकडे, मार्तंडाकडे, आई अंथरुणाला खिळलेली. जीव दोन्हीकडे ओढतो. बाबा गेले तेव्हा या लोकांनी मला "तब्येत जरा बरी नाही, येऊन जा" एवढंच सांगितलं होतं. एस.टी.त मी त्यांच्यासाठी मोसंबी घेऊन बसले होते. पोचले तर सगळं आटोपलेलं. या वेळी मी फसायची नाही.

८ फेब्रुवारी
खामगावला गेलो. दुकानदार म्हणाला, "काकू, साधं कार्ड बाहेरदेशी चालत नाही. पोस्टपेड घ्या लागते, अन् रोमिंग वेगळं सुरू करा लागते. तिकडं घंटी वाजली अन् उचलला, की तुमचंच मीटर सुरू." यांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या गणपतीकडे पाहिलं. घेतला.

१२ फेब्रुवारी
देऊळगावला जाऊन आले. आईला फोन दाखवला. तिनं उलटा धरला अन् म्हणाली, "हॅलो प्रेमले" — मी समोरच बसलेली! दोघी हसलो. तिला हसताना धाप लागते आता.

निघताना मार्तंडाला मागच्या अंगणात गाठलं. "काही झालं तर मले खरं सांगशील. मिळेल त्या विमानानं येईन मी." "हाव ताई." "आईची शपथ घे." "असं काय करतेस ताई..." पण घेतली. मग दिसेल त्याला नंबर देत सुटले. जालन्याच्या भगवंतरावांनाही दिला. चुलतभाऊच आमचा, पण तोंडाचा फाटका. असू दे.

२१ फेब्रुवारी, मस्कत
पोचले. विमानतळावरच फोन लावून पाहिला — लागला! आई म्हणाली, "ऊन आहे का वं तिकडं?" स्नेहाचे पाय सुजलेत. जावई कामावर गेले की घरात आम्ही दोघीच.

३ मार्च
मुलगी झाली. दोघी सुखरूप. मार्तंडानं आईच्या कानाला फोन लावला. "पणती झाली मले," म्हणाली. मग, "नाक कोणावर गेलं?" तुझ्यावर, म्हटलं. "अरे देवा," म्हणाली. आवाज फार खोल गेलाय.

९ मार्च
आज आईशी बोलणं नाही. मार्तंड म्हणतो झोपली आहे.

१० मार्च
पुन्हा झोपलेली. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळीही. भावजयीला विचारलं, जेवली का? "हाव, जेवल्या." आणि नाक ओढलं. सर्दी झाली म्हणे.

११ मार्च
यांचा फोन. "नांदुऱ्यातच आहे मी," म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. मागे कंडक्टर ओरडत होता — जालना, जालना, जालना. देऊळगावला जायची गाडी तीच. आई कशी आहे विचारलं, तर, "तू बाळंतिणीकडं पाह्य. इकडची काळजी नको करू." इतकं मऊ हे माझ्याशी लग्न झाल्यापासून बोललेले नाहीत.

स्नेहाला शेक देताना हात थांबला. "काय झालं आई?" काही नाही म्हटलं. ओल्या बाळंतिणीला माझ्या शंका काय सांगू?

१३ मार्च
भगवंतरावांचा फोन आला. स्नेहा निजलेली, मी गॅलरीत दुपटी वाळत घालत होते.

"प्रेमला, तेरवीले तू कशी येशील एवढ्या लांबून? वाईट नको वाटून घेऊ. अन्नपूर्णाकाकू सुटली बिचारी. शिवरात्रीचं मरण, पुण्यवान बाई."

मी हो हो म्हणत राहिले. मला माहीतच आहे, असं. त्यांना कळलंही नाही की सांगणारे तेच पहिले.

आईची शपथ घेतली होती मेल्यानं! आता आईच नाही तर शपथ तरी कुणाची मोडली? आणि यांनी धडधडीत खोटं सांगितलं मला, स्टँडवरून. आई, तुझं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही गं यांनी मला. विमानानं असं किती लांब होतं! एवढा हट्टानं फोन घेतला, जवळ घेऊन निजले, आणि त्याच फोनवर रोज थापा ऐकल्या. सगळ्यांचा राग येतो. रडायला जागा नाही या घरात.

कारण उद्या बारसं आहे. सुतक कळल्यापासून धरतात. मी तोंड उघडलं तर तीन दिवस बाळाला शिवता यायचं नाही. जावयांना आई नाही, बहीण नाही. पोरीला पाळण्यात घालायला माझ्याशिवाय कोण आहे इथे? आणि स्नेहा तर आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली. ती रडून रडून दूध आटवून घेईल. आज नको. परवा सांगेन.

न्हाणीघरात जाऊन नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. नळ मोठा सोडला होता. बाहेर आले तर स्नेहा जागी. "अवेळी काऊन न्हाली आई?" म्हटलं, घामानं जीव चालला माझा. तिची नजर बादलीतल्या पिळलेल्या लुगड्यावर गेली.

म्हणजे मीही त्यांच्यातलीच झाले.

१४ मार्च
बारसं झालं. नाव ईश्वरी ठरलं होतं, जावयांनी रंगीत कागदाची अक्षरं कापून भिंतीला लावली होती. मी पाळण्यात घातली. नाव सांगायला स्नेहा वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली — अन्नपूर्णा.

जित्या माणसाचं नाव आपल्यात ठेवत नाहीत. तिला मीच शिकवलंय ते. पाळण्याची दोरी माझ्या हातात देताना ती वर बघेना.