बाबांनी दात मोजून घेतलेली मोटरसायकल

तिगाव,
मार्च १९८७

तीर्थरूप यशवंतमामा यांना तुमच्या इंदूचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला की अजून बिड्या चालूच आहेत? (मामींना हे पत्र वाचून दाखवणार असाल तर मागचे वाक्य गाळा.) इकडे सर्व खुशाल. आई बरी, बैल बरे, मृगबहाराची संत्री तोडणे चालू आहे. आणि मामा, आता मला दम धरवत नाही, म्हणून रीत सोडून सांगून टाकते, आपल्या घरी मोटरसायकल आली! लाल आहे. लहानशीच, शंभर सीसीची, पण उन्हात उभी केली की बघत बसावेसे वाटते.

आमच्या गावची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. रेल्वे अगदी दारावरून जाते, तुम्हाला थेट नागपूरला नेऊन सोडते, पण माझी शाळा सौसरला आणि तिकडे ती ढुंकूनही पाहत नाही. म्हणून मी एका बसने पांढुर्ण्याला जाणार आणि तिथून दुसऱ्या बसने सौसरला. पहिली वेळेवर आली तर दुसरी पंक्चर, दुसरी उभी असली तर पहिलीचाच पत्ता नाही. मी वर्गात पाय ठेवते तोवर प्रार्थना, हजेरी आणि पोरांची एक मारामारी आटोपलेली असते. आमच्या मोठ्या बाई, प्रेमलताबाई, स्वभावाने वाईट नाहीत, पण घड्याळाच्या बाबतीत कोणाच्या नातेवाईक नाहीत. त्यांनी शेवटचे सांगितले, आता उशीर झाला तर वर कळवीन. हे घरी सांगायची चूक मी केली. बाबा लगेच म्हणाले, "मंग सोडून दे नोकरी. स्थळं येऊनच राह्यली." मामा, मला नोकरी सोडायची नव्हती. दुसरीचा वर्ग माझा आहे, त्यातली अर्धी पोरे आता कुठे वाचायला लागली आहेत, आणि ती मी कोणाच्याही हाती देणार नाही. मी जेवण टाकले, आईने बाबांशी बोलणे टाकले, आणि तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, बरं, गाडी पाहू. पण निवडीन मी. आठ दिवस कामाला लावून पाहीन. कसाला उतरली तर ठेवू, नाहीतर गाडीही परत आणि नोकरीही बंद.

आता मला गाडी चालवता येते ती तुमच्या कृपेने (ट्रेनिंगला नागपूरला तुमच्याकडे असताना तुम्ही आपल्या गाडीवर मैदानात शिकवले ते घरी अजून कोणाला ठाऊक नाही, बाबांना वाटते मला उपजतच येते). पण बाबांना गाडीतले काय कळते? त्यांना बैलातले कळते. पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा झाला तर आधी आमच्या पुंडलिकरावांना बोलावणे येते. तेव्हा त्यांनी जे येते तेच केले.

पांढुर्ण्याचे रघुनाथराव, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, गाडी विकणार होते. बाबा गेले आणि आधी लांब उभे राहिले. मग मागून आले, कारण बैल म्हणे मागून पाहावा. चाकांजवळ उकिडवे बसले, सीटवरून हात फिरवला, आणि एकदम पाय आपटून पाहिले, बुजते का म्हणून. गाडी बुजली नाही, रघुनाथराव बुजले. मग बाबांनी वय विचारले. तीन वर्षे, म्हणताच माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "चार दाती हाय," म्हणजे बैलाच्या हिशेबाने ऐन कामाची. मारकी आहे का, उन्हात धापते का, कामात मध्येच बसते का, अशा चौकशा झाल्या, आणि रघुनाथराव बिचारे प्रत्येकाला नोकरीतल्या सवयीने "नाही साहेब" म्हणत गेले. मी त्यांच्या अंगणातल्या तुळशीकडे पाहत होते. हसू आवरत नव्हते आणि रडूही येत होते, कारण त्या अंगणात माझी नोकरी टांगलेली होती.

खरा घोटाळा भावाच्या वेळी झाला. बाबांनी खांद्यावरचा शेला काढून रघुनाथरावांच्या हातावर टाकला आणि बैलबाजारात भाव सांगायला करतात तशी त्याखाली बोटे धरली. रघुनाथरावांना वाटले, गावाकडचा माणूस आहे, आपल्याला मान देतो आहे. त्यांनी शेल्याखाली बाबांचा अख्खा पंजा धरून प्रेमाने गदागदा हलवला. बैलबाजारात असा पंजा हलला की व्यवहार पक्का! बाबांनी आपल्या मनातला भाव पक्का धरला आणि शेला झटकून खांद्यावर टाकला. तो भाव तोंडाने ऐकल्यावर रघुनाथराव ओट्यावर बसले. पण मी शाळेचे रडगाणे गायले तेव्हा त्यांचे मन द्रवले. आठ दिवस न्या म्हणाले, पटली तर त्याच भावात तुमची.

घरी आईने नव्या बैलाच्या पायावर घालतात तसे दोन्ही चाकांवर पाणी घातले, दिव्याला कुंकू लावले आणि सवयीने भाकरीचा तुकडाही पुढे केला. मग गाडीला तोंड नाही हे लक्षात येऊन तो माझ्या तोंडात घातला. गाडी बांधली गोठ्यात (खरेच बांधली, दाव्याने), आणि सकाळी आमच्या लाल्या बैलाने सीट चाटून चकचकीत केलेली होती.

पुढचे दिवस मी शाळेत वेळेवर! पण बाबा संध्याकाळी गाडीभोवती फिरत. त्यांना खोट सापडत नव्हती, आणि खोट सापडत नाही याचाच संशय येत होता. मग एका सकाळी मी निघाले तर पुलाअलीकडे आमचा बैल जुंपलेला, संत्र्यांनी भरलेला खाचर उभा, आणि लाल्या भर रस्त्यात बसलेला. लाल्या, मामा! ज्याच्या नावाने बाबा दुसऱ्यांच्या बैलांना नावे ठेवतात तो. शेपूट पिळून झाले, विनवण्या झाल्या, तो रवंथ करत आमच्याकडे बघत होता. तिकडे पांढुर्ण्याला व्यापाऱ्याचा ट्रक भरत होता आणि आमच्या मालाआधी सुटला असता तर तोडलेली संत्री उन्हात गेली असती. बाबांना माझ्याकडे गाडी मागवेना. चाकाकडे पाहत राहिले. शेवटी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बसू काय मांगं?"

बसले. शेला डोक्याला बांधला, माझे खांदे धरले, आणि पहिल्या चढाला मागून "हां बेटा, हां" ऐकू आले. ते मला नव्हते, गाडीला होते. पांढुर्ण्याला उतरून त्यांनी ट्रक थांबवला, दुसरी बैलजोडी पाठवून माल आणवला. आणि मी तशीच पुढे सौसरला घंटेआधी पोचले. प्रेमलताबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिले, गाडी पाहिली आणि एवढेच विचारले, मागे बसायला भीती वाटते का हो?

संध्याकाळी बाबा परभारे रघुनाथरावांकडे जाऊन व्यवहार पुरा करून आले. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बसकी नाई. ठेवू." मी गोठ्यात जाऊन गाडीच्या टाकीवर डोके टेकवून रडले. इतका आनंद मला नोकरीचा कागद आला तेव्हाही झाला नव्हता.

मामींना नमस्कार. पत्राचे उत्तर पाठवा.

तुमची लाडकी,
इंदू

ता. क. अक्षर वाईट आले आहे, कारण हे पत्र मी बस थांब्यावर मांडीवर वही धरून लिहिते आहे. गाडी बाबांकडे आहे. हौस म्हणून एका रविवारी मी त्यांना बागेत शिकवली, संत्र्यांची दोन आळी मोडली आणि त्यांना ती आली. आता ते रोज पहाटे जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला जातात. (पूर्वी वर्षातून एकदा जात.) येताना ओळखीच्या प्रत्येक दारी गाडी उभी करून तिची चाल दाखवतात. मी काही म्हटले की, जनावराला एकाच माणसाचा हात लागावा म्हणतात. काल मला पुन्हा उशीर झाला. प्रेमलताबाईंनी वर कळवायचा कागद पुढे ओढला.

ता. क. दुसरा. आज सकाळी मी बाबांसमोर रडले तेव्हा त्यांनी बराच विचार करून चूक कबूल केली. म्हणाले, "माहंच चुकलं. एकटा बैल कोनी घेते काय? जोडी पाह्यजे." पण जोडी एका उंचीची, एका रंगाची हवी, आणि तशी दुसरी या भागात त्यांना दिसत नाही.

ता. क. तिसरा. मामा, तुमचीही लालच आहे ना? या रविवारी संत्री खायला याच, आणि गाडीवरच या. आईने कुंकू काढून ठेवले आहे, बाबांनी दुसरे दावे वळायला घेतले आहे. परतीची काळजी करू नका. रेल्वे आमच्या दारावरून थेट नागपूरला जाते.