शिकागोचे मायकलराव

१७ मे २०२०, एनिस, आयर्लंड
विमानं बंद. आई-बाबा इथेच अडकलेत. बाबा मात्र खुशीत! रोज सकाळी पांढरा झब्बा घालून आमच्या घरांच्या वसाहतभर 'प्रभाग फेरी'. सिन्नरचे माजी नगरसेवक ना. हात जोडून लोकांना विचारतात, दिवे लागतात का, गटार तुंबलंय का. आज एका बाईंनी कौन्सिलचा माणूस समजून खरंच तक्रार ऐकवली. आई म्हणाली, "जित्याची खोड!"

९ जून
शेजारच्या नोरीनबाई कुंपणापलीकडून सांगत होत्या. त्यांच्या आजोबांचा भाऊ मायकल शिकागोला गेला, शंभरेक वर्षांपूर्वी तिथे नगरसेवक झाला. नळ आधी गरिबांच्या वस्तीत नेले, स्वतःची गल्ली मागे ठेवली. पुढच्या निवडणुकीत आपटला.
मी मराठीत सांगत गेले.  बाबांचंही अगदी हेच झालं होतं. आधी वरच्या वस्तीला पाणी, मग आमच्या गल्लीला. गल्लीनेच पाडलं. तेव्हापासून हातात माईक नाही, गल्लीत फेरी नाही.

२ ऑगस्ट
इथल्या मराठी मंडळाला गणपतीत ऑनलाइन व्याख्यान हवंय. मी बाबांचं नाव परस्पर देऊन टाकलं. भडकले. "पडलेल्याचं कोण ऐकतं?"
जेवण झाल्यावर हळूच, "मायकलवर बोलतो. माझ्यावर नाही."

२४ ऑगस्ट
झालं! मायकलचे 'आमचे मायकलराव' झाले. शिकागो कुठे संपलं आणि सिन्नर कुठे सुरू झालं, कळलंच नाही. नोरीनबाई खिडकीबाहेर खुर्ची टाकून, एक शब्द न समजता शेवटपर्यंत. "युअर मॅन वॉज ग्रँड!" म्हणजे इकडच्या बोलीत, गडी झकास बोलला. मी रडले. फार फार बरं वाटलं.

१२ जाने. २०२१
सिन्नरहून फोन, वरच्या वस्तीतून. "अण्णा, यंदा उभे राहा." बाबा म्हणाले, बघू. आईने कपाळाला हात लावला.

१४ फेब्रु.
उद्या निघणार दोघं. बाबांनी कुंपणाशी जाऊन स्वतःच्या इंग्रजीत विचारलं, मायकलराव पुन्हा उभे राहिले का?
"राहिला ना. पुन्हा पडला!"
बाबा खो खो हसले. कित्येक वर्षांत असे हसले नव्हते.
आईने झब्बे बॅगेत तळाशी घातले होते. आता बघते तर सगळ्यात वर, इस्त्री करून. बाबांना विचारलं, "मग, उभे राहणार?"
"आधी आपल्या गल्लीत एक फेरी मारू दे."