बेसुरांसाठी एक संगीत मासिक

तीर्थरूप मावशीस दंडवत,

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना मध्ये थांबतेस, की अजून वरच्या मजल्यापर्यंत तान चालूच असते? काकांचा खोकला एव्हाना बसला असेल. इकडे आम्ही सगळे मजेत, फक्त ही माझ्याशी बोलत नाही. (जेवायला वाढते, पण ताट ठेवल्याचा आवाज शेजारपर्यंत जातो.) तिच्या रागाचं कारण पुढे ओघात येईलच.

मी मासिक काढतोय. संगीताचं. हसू नकोस, आधी पुढचं वाच.

छापखान्यात मी पानं लावतो हे तुला ठाऊक आहे. खोकल्याच्या औषधाची लेबलं आणि निरनिराळे अर्ज यांच्यापलीकडे माझी कला कधी गेली नाही. (‘बाटली हलवून घ्या’ हे माझ्या हातून गेलेलं सर्वांत लोकप्रिय वाक्य.) परवा मालक म्हणाले, महिन्यात काही दिवस यंत्र रिकामंच असतं, कुणाला काही सुचतंय का. मी ताबडतोब हात वर केला. मालक धंद्यातला माणूस. वाचणार कोण, असं त्यांनी विचारलं, आणि महिनाअखेर शंभर वर्गणीदार आणलेस तरच यंत्राला हात लाव म्हणाले. आता गाणाऱ्यांसाठी मासिकं आहेत, गाणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांसाठीही आहेत. पण जे बेसूर आहेत आणि तरी ज्यांचा गाण्यावर जीव आहे, त्यांच्यासाठी कुणी दोन ओळी तरी छापल्यात का? मी त्यांच्यातलाच. तुझ्या गाण्याच्या वर्गात सगळी भावंडं गायची आणि तू मला त्यांच्या वह्यांची पानं उलटायला बसवायचीस. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगायच्या. राग नाही गं कुणावर. पण गाणं आवडतं ते आवडतंच, आणि ते घशातच राहतं याचं वाईट वाटतं. तेव्हा अंक काढणार म्हणजे काढणारच.

वाचकवर्ग ठरला, आता तो शोधायला निघालो. सुरुवात केस कापणाऱ्यापासून केली. हा मनुष्य कात्रीच्या तालावर अखंड गात असतो आणि गिऱ्हाईक मान हलवू शकत नाही म्हणून त्याला दाद कधी मिळत नाही. त्याला जरा आडवळणाने विचारलं, तर म्हणाला, मी सुरात आहे, पण समोरच्या दातांच्या डॉक्टरांना भेटा. डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं गाणं दात कोरण्याच्या यंत्राबरोबर चालतं. (तक्रार करायला पेशंटचं तोंड मोकळं नसतं.) त्यांनी हळहळून सांगितलं की बिचारा बँकेतला कॅशियर फार बेसूर आहे. कॅशियरने काचेच्या भोकातून, आवाज खाली आणून, केस कापणाऱ्याचं नाव घेतलं. चार गल्ल्या पालथ्या घातल्या, पण बेसूर माणूस औषधालासुद्धा सापडला नाही. मात्र प्रत्येकाच्या ओळखीत तीन-चार होते.

मी हार मानली नाही, मुखपृष्ठाकडे वळलो. आधी ठसठशीत अक्षरांत ‘बेसूर’ असं नाव टाकलं होतं. हिला दाखवलं (तेव्हा बोलत होती), तर म्हणाली, हे हातात धरून बसमध्ये कोण बसेल? पटलं. नाव उचललं आणि आतल्या तिसऱ्या पानावर टाकलं. मग वाद्याचं चित्र काढलं, तर शेजारच्यांना वाटलं हे जाणकारांचं काम आहे, आणि ते दोन पावलं मागे सरले. डोळे मिटलेल्या गायकाचा फोटो लावून पाहिला. तो आपल्यालाच कंटाळलाय असं वाटायला लागलं. शेवटी साधा निळा कागद, वर काही नाही, आणि वर्तमानपत्राच्या घडीत लपेल एवढा आकार. मालक म्हणाले, हे धुलाई यंत्राबरोबर येणारं माहितीपुस्तक वाटतंय. मी म्हटलं, तेच तर हवंय! आत मात्र मजा आहे. नळ किती सोडला म्हणजे न्हाणीघरातलं गाणं बाहेर जात नाही यावर लेख, बायकोचं गाणं वीस वर्षं ऐकणाऱ्या गृहस्थांची मुलाखत, आणि मधल्या दोन पानांवर गाण्याचे शब्द, मोठ्या टायपात, श्वास घ्यायला भरपूर जागा सोडून.

आणि मग एके दुपारी दातांचे डॉक्टर स्वतः छापखान्यात आले. केस कापणाऱ्याच्या नावाने वर्षाची वर्गणी भरली आणि आपलं नाव त्याला कळता कामा नये असं बजावून गेले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आतापर्यंत चुकीचंच विचारत होतो! त्याच चार गल्ल्यांतून पुन्हा फिरलो आणि ‘अंक कुणाला पाठवू?’ एवढंच विचारलं. लोकांनी काय उत्साहाने पाकिटं काढली म्हणून सांगू! महिना संपायच्या आत शंभर झाले, वर पंधरा. मासिकाचा नियमच केला की वर्गणी कोणी भरली ते सांगायचं नाही. त्यात एक वर्गणी हिच्या नावानेही आली. ती मीच भरली असं हिला वाटतं, आणि नियमामुळे मला तोंड उघडता येत नाही. (हिच्या सख्ख्या बहिणीने भरली. हे तुझ्यापाशीच ठेव.)

मालकांनी शब्द पाळला. सोमवारी अंक यंत्रावर चढतोय. पहिलं पान तुझ्यासाठी कोरं ठेवलंय, आमच्यासारख्यांना समजेल असं चार ओळींत काही लिही. काकांना नमस्कार.

तुझा,
पानं उलटणारा भाचा

ता. क. पानाचं राहू दे, ते मी कसंही भरेन. खरं मागणं वेगळंच आहे आणि ते लिहायला मला एवढं पत्र लागलं. मला एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने म्हणायचंय. शिकवशील? दारं-खिडक्या लावून घेतल्यास तरी चालेल. नाही म्हणालीस तरी अंक छापून झाला की त्याच आठवड्यात रविवारी येतोय, तिकीट काढलंय.

ता. क. दुसरा : येताना तुझा अंक घेऊन येतो. हो, तुझ्याही नावाने वर्गणी आली आहे. कोणी भरली ते विचारू नकोस, नियम म्हणजे नियम. काकांना एवढंच सांग की त्यांची पावती सोबत आणतोय.