शिवणयंत्रावरचा मोर्स आणि मामांचा सल्ला

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घ्या). घशाच्या ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेला त्याला सात महिने झाले. जखम आता कशी आहे? मामींना विचारलं की त्या "तसे बरे आहेत" म्हणतात, पण त्या 'तसे'त काय काय मावतं ते मला कळतं. लिहून बोलायचा तुम्हाला मनापासून कंटाळा. फोन तुमच्या कानाला लावला की मी एकटाच बडबडतो आणि शेवटी मामी फोन काढून घेतात. मला ते फार लागतं. असो.

पत्र लिहिण्याचं कारण, मी हौशी रेडिओचा परवाना काढायचं मनावर घेतलंय. परीक्षा दोन, एकीला मोर्स, म्हणजे तुमची ती ठिपक्या-रेघांची तारेची भाषा लागते, दुसरीला नाही. आमची लेक म्हणते, बिनमोर्सची द्या आणि मोकळे व्हा, हल्ली ती कटकट कोण करतं? तुम्ही तीस वर्षं जहाजाच्या रेडिओखोलीत तीच कटकट केलीत, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.

(विचारायच्या आधीच सुरुवात केली, हे तुम्ही ओळखलं असेलच.) दुकानात सरावाला वेगळा वेळ कुठला? म्हणून शिवता शिवताच सराव, ठिपक्याला आखूड टाका आणि रेघेला लांब. बँकेच्या मॅनेजरसाहेबांच्या पँटच्या मागच्या शिवणीवर मी 'ए'पासून 'झेड'पर्यंत सगळी अक्षरं घातली. आता 'ओ'ला तीन रेघा, म्हणजे ओळीने तिन्ही टाके लांब. साहेब पेन उचलायला वाकले ते नेमकं तिथेच उसवलं. कमरेला कोट गुंडाळून दुकानात आले. मी त्यांना 'ओ'ची अडचण नीट समजावून सांगितली, पण माणसाला शास्त्राची आवड नाही.

घरी तुमची भाचेसून माझा सराव नुसता स्वयंपाकघरातून ऐकून तरबेज झाली आहे. मी टेबलावर बोट वाजवलं की आतून आवाज येतो, "'वाय' उलटा वाजवलात, तो 'क्यू' झाला." मी म्हणजे पालथा घडा, असं तिचं मत आहे. दोन महिने घासून मला मिनिटाला चार शब्द कळतात, तेही समोरचा दयाळू असेल तर.

तर शिकत राहू की सोडून देऊ, तेवढं सांगा. मामींना नमस्कार.

तुमचा शिंपी भाचा

ता. क. परवाना मागच्याच महिन्यात मिळाला. बिनमोर्सचा. परीक्षेसाठी आता काही शिकायचं उरलेलं नाही.

आणखी एक. रविवारी सकाळी दहाला फोन करतो. मामींनी तो तुमच्या हातात दिला की बोटाने त्यावर वाजवा, जरा सावकाश. मी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. मला पहिल्या फटक्यात कळणार नाही आणि तुम्ही चिडाल. मग शिव्या घाला, अक्षर अक्षर करून का होईना. सात महिन्यांत तुमची एक शिवी कानावर पडलेली नाही, मामा.