एकाच बाजूनं जळालेली मोटार

३ डिसेंबर १९४३, जालना

जिनाची विजेची मोटार पुन्हा जळाली. या हंगामात तिसऱ्यांदा. कापसातली सरकी काढायचं जिन बंद. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर सडकेपर्यंत उभ्या.

मालक काकासाहेब आले ते थेट त्रिंबकपुढंच. मोटारीची देखभाल त्याच्याकडं. "तेल घालायचं विसरतोस अन् मोटारी जाळतोस. उद्यापासून येऊ नको." त्रिंबक एवढंच म्हणाला, "मालक, तेल बराबर घातल्तं." मंग पंचा खांद्यावर टाकून गेला.

मी या गिरणीचा बिजली मिस्त्री. काय बोलणार? हातात सबूत न्हाई. फार थकलोय.

४ डिसेंबर

मोटार खोलली. बेअरिंग साबूत, तेल भरलेलं. तांब्याच्या तारेची वेटोळी मात्र एकाच बाजूची कोळसा झालेली, बाकीची नव्यासारखी! तेल कमी पडून अशी जळत न्हाई.

काकासाहेबांना सांगितलं. "मंग कशानं जळाली?"

"वीजच नीट येत नसंल."

"दाखवून द्या, राधाकिसन. तवर त्याला घेणार न्हाई."

१२ डिसेंबर

मोटारीची वेटोळी नवी गुंडाळून आणली. औरंगाबादहून ओळखीवर व्होल्टमीटरही मिळाला. दुपारी मोजलं — मोटारीला येणाऱ्या तिन्ही तारांत विजेचा दाब सारखा. काहीच दोष न्हाई.

त्रिंबकची बायको आसराबाई जिनात कापूस निवडते. जाता जाता थांबली. "राधाकिसनभाऊ, ह्यांना झोप न्हाई. म्हनत्यात, इतकी वर्सं लेकरावानी संभाळली अन् मीच जाळली का?"

मी मान खाली घालून मीटर पिशवीत ठेवला.

१५ डिसेंबर

सापडलं! आज दिवसभर मोजत राह्यलो. सकाळी थंडीत एका तारेचा दाब पार खाली. मोटारीला हात लावला तर चटका बसला — लगेच बंद केली. दुपारी पुन्हा सगळं बराबर. संध्याकाळी गारवा सुटला अन् तीच तार पुन्हा खाली.

थंडीच्या वेळी त्या तारेवर कुणीतरी भार टाकतंय.

१६ डिसेंबर

तारेच्या मागं मागं खांब बघत गेलो. काकासाहेबांच्या बंगल्यापाशी थांबलो.

त्यांच्या आई, गोपिकाबाई, अर्धांगानं अंथरुणाला खिळल्यात. त्यांच्यासाठी यंदा विजेच्या शेगड्या बसवल्यात. सगळ्या त्याच एका तारेवर. तिघांनी कापसाची गठाण उचलावी अन् एकानं हात ढिला सोडावा, तसं मोटारीचं झालं.

आता हे सांगायचं कसं? म्हाताऱ्या बाईची ऊब काढा म्हणू? आज गेलोच न्हाई. घरी येऊन पडलो.

१७ डिसेंबर

गेलो. काकासाहेबांना शेगड्यांचं सगळं सांगितलं. "आईला थंडी सोसत न्हाई हो."

म्हटलं, भार तिन्ही तारांवर वाटून देता येईल, पण त्याला नवी तार पाहिजे. लढाईपायी बाजारात तार कुठंय?

आतून बोबडा आवाज आला. गोपिकाबाईंनी सगळं ऐकल्तं. "काढ त्या शेगड्या. मला घोंगडी बस झाली. माझ्या उबेपायी कुनाची चूल इझवू नको."

काकासाहेबांनी स्वतः उठून खटके बंद केले. मी गिरणीत येऊन मीटर लावला. तिन्ही तारा सारख्या. मोटार दिवसभर चालली, कोमट राह्यली.

संध्याकाळी मालक जिनात आले. "त्रिंबकला बोलवा. माझ्या तोंडानं सांगतो त्याला." आवाज खाली होता.

१८ डिसेंबर

त्रिंबकची खोली बंद. शेजारी म्हणाले, दोघं नवराबायको भोकरदनकडं गावी गेले. उद्या रविवार, गिरणीला सुटी. मीच जाऊन आणतो.

१९ डिसेंबर

त्यांच्या गावी पोचलो. आसराबाई ओसरीवर एकटीच. "परवा फौजेत भरती झाले. मोटारीचं काम येतं म्हून लगेच घेतलं. ब्रह्मदेशाकडं धाडनार म्हनं."

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता हे त्यांना कोन सांगनार?"