जन्मगाव नागरा

प्रिय आचल,

फोनवर हो-हो म्हटलं, पण तुह्या जन्मदाखल्याचं काम झालं नाही. पासपोर्टाचा अर्ज भरू नोको. परदेशातल्या दवाखान्याची ते नोकरी थांबली तर थांबू दे. मी चौथी शिकलेली बाई, लांबण लावता येत नाही. होस्टेलात एका जागी बसून वाच.

ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात तुहं नाव निघालं नाही. तिथला कारकून म्हणे, घरीच जन्मली म्हणून लिहून द्या, सही मारा, काम खतम. मलेही असंच पटते, झंझट कायले? पेन हाती घेतला आन हात थांबला. तू आमच्या घरी जन्मली नाहीस, आचल.

तुहे बाबूजी तेव्हा गोंदियाचा तांदूळ ट्रकनं नेपाळले नेत. वीरगंजले ज्या खानावळीत जेवत, तिथली स्वयंपाकीण तापानं मेली. मांगं तू, आठ महिन्यांची. तिचं कोणीच नव्हतं. दुपट्ट्यात गुंडाळून आणलं तुले. नागऱ्याच्या महादेवासमोर मांडीवर घेतलं, गावाले जेवण दिलं, झालं दत्तक! शेजारचे शालीकरामभाऊ म्हणत होते कागद करा. मीच त्याइले झिडकारलं. शाळेत गुरुजीले जन्मगाव नागरा सांगणारी बी मीच.

काल वकिलाकडे गेली. तो म्हणे, पोरगी भारताची नागरिकच नाही. मी हासली.  आधार आहे, माह्यासंगं चिखलात धानाचा रोवणा करते, आन नागरिक नाही? म्हणे, बाहेर जन्मलेली पोर इथल्या मायबापानं पोसली म्हणून आपोआप इथली होत नाही. लहान होती तेव्हा नोंद सोपी होती. आता इतक्या वर्षांच्या राहण्याचे पुरावे लावून तुले स्वतः अर्ज करा लागते. भेटेलच असंही नाही.  बाबूजी तर धड जेवून नाही राहिले.

खोटी सही मी केली नाही. उद्या तिकडं कोणी पकडलं तर तुले कोण सोडवंल? नागरिकत्वाचा खरा फॉर्म आणला. त्यात जन्म देणारीचं नाव विचारते. जमुना. बावीस वर्षं हे नाव मी तोंडातून निघू दिलं नाही. सोमवारी वकिलासमोर फॉर्मात वाचशील, त्याच्याआंधी माह्या हातचं वाच, म्हणून हे पत्र.

रविवारच्या गाडीनं ये. बाबूजी स्टेशनावर उभे राहतील. रुसाचं असंल तर घरी येऊन रुस.

तुहीच माय,
धुरपता