पिवळ्या अस्तराचा तुकडा

दि. ४, मंगळवार
दुकानातून

चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर मी नुसतं हं हं करते, त्यापेक्षा लिहून पाठव म्हणालीस, म्हणून लिहायला बसले. मी बरी आहे. जेवते, झोपते, दुकान उघडते. पाठही बरी आहे, विचारलंस म्हणून सांगितलं.

शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायला आलेत. चौदा आहेत, गडद निळे. शिवायला सोपे, पण उचलता उचलता नाकी नऊ येतात.

तुझ्या आईची खोली दर रविवारी उघडते. भांडी पुसून पालथी घातली आहेत. चष्मा टेबलावर आहे, तो काही हलवला नाही. ताई जाऊन सहा आठवडे झाले. मला रडू आलं नाही याचा तुला राग आहे, ते कळतं मला. मलाही येतो. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल कसा होतो, तशी मी सगळीच झाले आहे. कुणी चावलं तरी कळायचं नाही.

बाकी बातमी म्हणजे आपल्या कापडाच्या कामाला एक खोली मिळाली. पालिकेने दिली, वाचनालयाच्या मागची. आता सहाशे चाळीस घरं झाली, अकरा फेऱ्या. वर्तमानपत्राचा एक मुलगा आला होता, बाई ही कल्पना सुचली कशी म्हणून. सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर गेले आणि आम्हाला चार दिवसांनी कळलं. त्या आठवड्यात माझ्याकडे पिवळं अस्तर उरलं होतं. त्याचे बावीस तुकडे कापले, कडा दुमडून टीप मारली आणि एकटं राहणाऱ्या बावीस जणांना वाटले. सकाळी नऊच्या आत खिडकीच्या गजाला लावायचं, संध्याकाळी सहाच्या आत काढायचं. नऊला एकाने फेरी मारायची. कापड दिसलं तर वहीत खूण. नाही दिसलं तर बेल. बेलला उत्तर नाही आलं तर माझ्याकडची किल्ली. त्याने विचारलं, बस्स एवढंच? म्हटलं, बाबा, याला डोकं लागत नाही, पाय लागतात.

पाय ड्रायव्हरकाकांचे होते. सात वर्षं पहिली फेरी त्यांनी मारली, एका दिवसाचा खाडा नाही. उभ्या नोकरीत बस कधी वेळेआधी सोडली नाही, तशीच फेरीही. चार माणसं त्यांच्या बेलमुळे आज हिंडतफिरताहेत.

त्यांच्याबद्दल तू जे लिहिलंस ते वाचलं. वाचनालयामागच्या खोलीच्या दारावर काम सुरू करणाऱ्यांच्या नावांचा फलक लागणार आहे, त्यावर त्यांचं नाव नको म्हणतेस. डॉक्टर म्हणाले आई पहाटे पाचच्या सुमाराला न्हाणीघरात पडली, मग नऊच्या फेरीत वहीत तिच्या घरापुढे खूण झाली कशी, हे तू इथे आलीस तेव्हा चारचौघांत त्यांना विचारलंस. ते म्हणाले, "मी कापड पाहिलं." संध्याकाळी लोक जमले तेव्हा कापड खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर घडी घालून ठेवलेलं होतं. तेव्हा सगळ्यांना वाटतं की त्यांनी न बघताच खूण केली. आपल्या कामाच्या समितीलाही तेच वाटतं. शनिवारी २२ तारखेला सभा आहे. नाव ठेवायचं की काढायचं ते मी सांगायचं, असं ठरलंय. तू बोललीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फेरी सोडली. आता औषधाच्या दुकानातल्या बाई जातात.

बघते काय ते. त्या दिवशीचं मला सगळं नीट आठवत नाही.

मुलांना पापा. थंडीत डोकं उघडं ठेवून फिरू नकोस.

तुझी
मावशी


दि. १७, सोमवार
घरातून

चिमणे,

हे पत्र तू एकटी असताना वाच. मुलं झोपली की वाच.

पडदे दिले. चौदाव्याला आठवड्याभरात दोनदा उसवलं, शिवण वाकडी आली म्हणून. चाळीस वर्षांत माझी शिवण वाकडी आली नव्हती. मागच्या पत्रात मी लिहिलं, नीट आठवत नाही. ते खोटं होतं. मला सगळं आठवतं.

गुरुवारी मी स्वतःचं कापड लावायला विसरले. मुद्दाम नव्हे. चहा घेऊन खुर्चीत बसले ती बसलेच. चहावर साय धरली. नऊ वाजलेले कळले, उठले मात्र नाही. औषधवाल्या बाई तापाने पडल्या होत्या, त्या दिवशी फेरीच नव्हती. म्हटलं, कोण येतंय?

नऊ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात ड्रायव्हरकाका. दोन जिने चढून धापा टाकत होते, सदऱ्याची गुंडी एक घर चुकलेली. मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "कापड दिसलं नाही. आहात ना? बरं." आणि वळले जायला.

मी म्हटलं, "तुम्ही तर फेरी सोडलीत."

"खुणा करायचं सोडलं," ते म्हणाले. "बघायचं कसं सोडणार? रस्त्याने चाललो की मान आपोआप वर जाते."

त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. त्यांना जे सांगितलं तेच आता तुला सांगते.

कापड मी लावलं होतं.

फक्त त्याच दिवशी नाही, त्याआधी दोन महिने रोज मीच लावत होते. तळमजल्यावरची तुझ्या आईची खिडकी माझ्या वाटेवर. साडेसातला दुकानात जाताना गजातून हात घालायचा, आतल्या कट्ट्यावरचं कापड उचलायचं, गजाला बांधायचं आणि पुढे चालायला लागायचं. संध्याकाळी येताना सोडायचं, घडी घालून परत कट्ट्यावर ठेवायचं. तुझी आई नऊपर्यंत लोळायची, तुला माहीत आहे. "तुझ्या फडक्यासाठी मी उठू का?" म्हणायची. "मी जिवंत आहे हे रोज सकाळी गल्लीला काय म्हणून कळवू? गल्ली मला कळवते का?" मी हसायचे आणि कापड लावायचे.

त्या दिवशीही साडेसातला लावलं. हाक मारली नाही. रोज मारायचे असंही नाही. दुकानात गिऱ्हाईक यायचं होतं. संध्याकाळी साडेपाचला आले, सवयीने कापड सोडलं, घडी घातली, कट्ट्यावर ठेवलं, आणि मग हाक मारली, ताई, चहा टाकतेस का? उत्तर आलं नाही. किल्ली पर्समध्ये होती. दिवसभर पर्समध्येच होती.

ती पहाटे पडली आणि दुपारी गेली, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे साडेसातला ती होती, चिमणे. मी खिडकीशी उभी होते तेव्हा ती आत होती आणि तिच्यात जीव होता. काही ऐकू आलं का, हे तू विचारशील. नाही आलं. पण मी कान कुठे दिला होता? नऊला काका आले, पिवळं दिसलं, खूण करून पुढे गेले. कापड नसतं तर त्यांनी बेल वाजवली असती.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, सकाळी कापड होतं का? कट्ट्यावर घडी होती, सगळ्यांनी ती पाहिली आणि आपापसात ठरवून टाकलं. मी तोंड उघडलं नाही. मग तू आलीस, काकांना बोललीस, मी तुझ्या शेजारी उभी होते. तेव्हाही नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. तू पाहिलं नसशील, मी पाहिलं.

गुरुवारी हे सगळं ऐकून काकांनी सदऱ्याची चुकलेली गुंडी सोडून नीट लावली. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"कापड तुम्ही लावता ते. तुमची बहीण लावायची तेव्हा नुसतं गजात खोचायची, वाऱ्याने पडायचं. दोन महिने गाठ दिसत होती. शिंपिणीची गाठ, एका ओढीत सुटणारी. मला वाटायचं, बहीण आहे, आत बघूनच लावत असेल. म्हणून मी निर्धास्त खूण करायचो."

मी म्हटलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? सगळे तुम्हाला घालूनपाडून बोलत होते.

"बोलायचं तुम्ही होतं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. पाणी प्यायले, पेला स्वतःच नेऊन ठेवला, आणि जाताना दाराशी म्हणाले, "कापड लावा आता. खालचे लोक घाबरतील."

ते गेल्यावर मी रडले. सात आठवड्यांनी पहिल्यांदा. फार नाही, भांडी घासता घासता जेवढं होईल तेवढं. मग पुन्हा सुई टोचल्यासारखं झालं, अजून तसंच आहे. तुला वाटू नये की आता मी मोकळी झाले.

एक गोष्ट काकांनाही सांगितली नाही, ती तुला सांगते. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी कापड लावत होते, असं मी स्वतःला सांगत आले. तुलाही आत्ता तसंच काहीतरी वाटलं असेल. खरं कारण ते नव्हे. बाहेरगावचे लोक आपलं काम बघायला आले होते, दहाबारा जण, वह्या घेऊन. मी त्यांना गल्ली दाखवत होते, जणू माझ्याच घरचं कार्य. सगळ्या खिडक्या पिवळ्या आणि माझ्या सख्ख्या बहिणीची एकटी उघडी. एक बाई हसली आणि म्हणाली, दिव्याखाली... पुढचं तिने गिळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी लावायला लागले. ताईसाठी नाही. माझी गल्ली पुरी दिसावी म्हणून.

मला ती आवडायची, चिमणे. माझ्यावर ओरडायची, माझ्या चहात साखर कमी घालायची, आणि मी दुकानातून येईपर्यंत जेवायला थांबायची. अजून साडेपाच वाजले की माझा हात त्या गजांकडे जातो.

शनिवारी सभेत मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. काकांचं नाव फलकावर पहिलं लागेल. माझं काढायला सांगणार आहे, त्यावर कुणी काही बोललं तरी. लोक म्हणतील, या बाईचं काम म्हणजे निव्वळ फडकी. म्हणू देत. काहीजण कापड लावायचं सोडतील, त्याची मात्र मला भीती वाटते. सहाशे चाळीस माणसं रोज सकाळी उठून खिडकीपर्यंत जातात, ती माझ्यामुळे थांबायला नकोत. म्हणून नियमांचा नवा कागद केला आहे. आधी पाच नियम होते, आता सहावा घातला आणि तोच सगळ्यांत वर लिहिला: कापड ज्याचं त्यानेच लावायचं. दुसऱ्याचं लावायची हौस आली तर आधी दार उघडून आत बघायचं.

तू शनिवारी यावंस असं मला वाटतं. माझ्यासाठी नको येऊस. काकांना तू चारचौघांत बोलली होतीस, ते चारचौघांतच परत घ्यावं लागेल, आणि तेवढं मोठं मन तुझ्यात आहे, आईकडून आलंय. माझ्याशी बोलायचं की नाही ते मग तू ठरव. नाही बोललीस तरी तुझा राग रास्तच आहे.

आईच्या खोलीची किल्ली सोबत पाठवते आहे. ती आता माझ्याकडे असू नये. चष्मा टेबलावर आहे, तू नेशील म्हणून ठेवलाय.

शुक्रवारपासून माझं कापड मी वेळेत लावते. नुसतं खोचते, गाठ मारत नाही. वाऱ्याने पडलं तर खाली जाऊन आणते.

तू म्हणशील तोपर्यंतच तुझी,
मावशी